पाच दिवस आणि एकच खोरं

प्रश्न थोडक्यात असा: संघटित ट्रेक बरेच झालेत, नकाशा थोडाफार वाचता येतो, आता एका मित्राला घेऊन, वाटाड्याशिवाय, एखाद्या संरक्षित पर्वतीय रानात पाच दिवस फिरायचंय. मळलेल्या वाटा तिथं जवळजवळ नाहीत. या टोकाला शिरून त्या टोकाला उतरायचा बेत आहे. रोज किती अंतर धरावं, काय काय सांभाळावं, वाट चुकली तर काय करावं, आणि मित्र ऐनवेळी गळाला तर एकट्यानं जावं का?

अंतराचं नंतर बघू, कारण माझी हरकत मुळात बेतालाच आहे. वाट नसलेल्या डोंगरात पहिल्यांदा जाताना रान पार करायच्या भानगडीत पडू नका. नकाशावर एकच खोरं निवडा. त्यात सोयीच्या जागी तंबू ठोका, रोज सकाळी वेगळ्या अंगाला निघा आणि अंधाराच्या आत तंबूपाशी परत या. पाच दिवसांत एकही खिंड ओलांडली नाही तरी काही बिघडत नाही.

पार करायच्या बेताचं गणित मांडून बघा. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही बरोबर मधे असता. मागं फिरायचं तर अडीच दिवस, पुढं जायचं तर कधी न पाहिलेली खिंड, आणि गाडी पलीकडच्या बाजूला ठरवलेली. अशा वेळी ढग दाटून आले तरी माणूस पुढंच जातो, कारण निर्णय घरी बसून आखलेल्या बेतानं आधीच घेऊन टाकलेला असतो. शिवाय पाच दिवसांचं सगळं बिऱ्हाड रोज पाठीवर. घसाऱ्यावरून (सुट्या दगडमातीच्या उतारावरून), दगडांच्या राशींतून, गुडघाभर झुडपांतून भरलेली सॅक घेऊन चालणं आणि मळलेल्या वाटेवरून चालणं यांत फार फरक आहे. ट्रेकवर दमछाक न होणारी माणसं इथं दोन तासांत बसतात. मुक्काम एकाच जागी असला की पूर्ण ओझं फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. मधले तीन दिवस पाणी, खाणं, एक गरम थर, रेनकोट, टॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी, एवढंच.

आणि एक कारण मला या सगळ्यांपेक्षा मोठं वाटतं. डोंगर पहिल्या दिवशी फारसं काही सांगत नाही. ओढ्याला पाणी कधी चढतं, ढग कुठल्या खिंडीतून आत येतात, दुपारी कोणत्या उतारावरून दगड सुटतात, जनावरं पाण्यावर कुठून उतरतात, हे त्याच जागी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळायला लागतं. रोज पुढं सरकणारा माणूस रोज पहिल्याच दिवसात असतो.

उत्तराखंडातल्या नंदादेवी शिखराभोवतीचं आतलं खोरं हे याचं मला आवडणारं उदाहरण. चहूबाजूंनी उंच शिखरांचं कडं, आणि पाणी बाहेर पडायला एकच जागा, ऋषिगंगेची घळ. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक 1934 मध्ये तीन शेर्पांसह या घळीतून आत पोहोचले. आत गेल्यावर त्यांनी शिखराचा हट्ट धरला नाही. हिमनद्या, बाजूची खोरी, खिंडीचे पायथे पायाखाली घातले, पावसाळ्यात बाहेर पडले आणि पावसाळा सरताना पुन्हा त्याच खोऱ्यात गेले. पुढं 1936 मध्ये टिलमन आणि नोएल ओडेल 7,816 मीटर उंचीचं हे शिखर चढले, ते याच पाहणीत हेरलेल्या दक्षिणेकडच्या धारेनं, म्हणजे डोंगराच्या लांब चिंचोळ्या माथ्यानं. आज आपल्याला तसं आत जाता येणार नाही. नंतर मोहिमा वाढल्या, जळणासाठी झुडपं तुटली, कचरा साचला. 1982 मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1983 पासून आतलं खोरं बंद आहे. पण एका खोऱ्यात तळ ठोकून ते समजून घ्यायची रीत आपल्याला कुठंही वापरता येते.

आता निवड. नकाशावर ओढा जिथं मोठ्या नदीला मिळतो तिथं पेन्सिल टेकवा आणि दोन्ही बाजूंच्या धारांच्या माथ्यावरून रेघ ओढत वर जा. दोन्ही रेघा वर कुठंतरी एकमेकींना भेटतात. हा बंद आकार म्हणजे तुमचं अंगण. आत पडलेला पाण्याचा प्रत्येक थेंब एकाच तोंडातून बाहेर जातो आणि कुठंही असलात तरी ‘खाली’ म्हणजे कुठे हे ठरलेलं असतं. माथ्यावरची धार ओलांडली की मात्र तुम्ही दुसऱ्या पाण्यात गेलात. धुक्यात चुकलेली माणसं बऱ्याचदा अशीच चुकतात: खिंडीजवळ गोंधळतात, भलत्या बाजूला उतरतात आणि तासाभरानं ओढा उलटा वाहतोय असं वाटायला लागतं. म्हणून पहिल्या खेपेला पाच दिवसांचा एकच कडक नियम: माथ्यावर जा, बघा, पण पलीकडे उतरू नका.

पहिल्या खेपेला तोंड रुंद असलेलं, तळ सपाटसर असलेलं, दोन-तीनच फाटे असलेलं खोरं घ्यावं. रस्त्यापासून एका दिवसाच्या आत पोहोचता यावं. झाडांची हद्द खालीच संपत असेल तर फारच चांगलं, कारण उघड्या गवताळ उतारांवर नजर पोहोचते आणि समोरच्या बाजूवरून उद्याची वाट आज बघून ठेवता येते. ही गोष्ट नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडते. समोरच्या सोंडेवर (धारेपासून खाली उतरणाऱ्या डोंगराच्या फांदीवर) कातळाचे टप्पे कुठं आहेत, गवत कुठवर सलग जातं, नाळ, म्हणजे डोंगरातली उभी चिंचोळी खाच, मधेच तुटते का, हे दुर्बीण लावून अर्धा तास बघितलं की दुसऱ्या दिवसाचे दोन तास वाचतात.

नकाशाचा भरवसा किती धरायचा तेही सांगतो. 1:50,000 च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) 20-20 मीटरच्या असतील आणि त्यांच्यातलं अंतर एक मिलिमीटर दिसत असेल, तर उतार सुमारे 22 अंशांचा. चढायला ठीक. अंतर अर्धा मिलिमीटर झालं की तोच उतार 39 अंशांच्या आसपास जातो. कोरड्या गवतावर तो हात टेकत चढता येतो, ओल्या गवतावर उतरताना पाय सुटला की थांबायला जागा नाही, आणि त्यावर बर्फ असेल तर तो बरोबर हिमस्खलनाच्या पट्ट्यात येतो, कारण बहुतेक स्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. दुसरी गोम अशी की 15 मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे सहज लपतो. नकाशावर गोड दिसणारी सोंड प्रत्यक्षात मधेच तुटलेली निघते ती याचमुळे. उपग्रहाची चित्रं बघताना सावल्यांकडे बघा. सलग उतारावर अचानक काळी बारीक रेघ दिसली तर तिथं कडा आहे असं धरून चाला.

‘वाट चुकली तर ओढ्यानं खाली उतरा’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेलच. मी तो देत नाही. पाण्याला धबधब्यावरून उडी मारता येते, आपल्याला नाही. ओढा खाली जाताना घळ होतो, कडे जवळ येतात, ओले दगड निसरडे असतात, आणि एखाद्या टप्प्यावरून घसरत उतरल्यावर पुढचा टप्पा उतरता येत नाही नि मागचा चढता येत नाही. बहुतेक वाईट प्रसंगांची गोष्ट इथंच येऊन थांबते. शिप्टन-टिलमनसुद्धा ऋषिगंगेच्या पात्रातून चालत गेले नव्हते. काठावरच्या कड्यांमधले पदर, म्हणजे आडवे सपाटसर पट्टे, शोधत, त्यांवरून आडवे मारत गेले होते. ओढ्याचा उपयोग दिशेसाठी करा आणि चाला मात्र त्याच्या वरच्या अंगानं, सोंडेवरून किंवा पदरावरून. खोऱ्याचं तोंड अरुंद असेल तर तिथून बाहेर पडायची वाट कोणत्या काठानं आणि किती उंचीवरून जाते, हे आत शिरतानाच नीट पाहून वहीत टिपा.

वाट नसताना दिशा सांभाळायची एक साधी खूण आहे. धारेवरून चढताना सोंडा एकमेकींत मिळत जातात. कुठूनही चढलात तरी शेवटी एकाच माथ्यावर पोहोचता. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात आणि प्रत्येक फाट्यावर चुकायची संधी असते. ओढ्यांचं बरोबर उलटं: वर जाताना फुटतात, खाली येताना मिळतात. म्हणजे वाट चुकायचा धोका धारेवर उतरताना, ओढ्यात चढताना. त्यामुळं धारेनं चढताना जिथं दुसरी सोंड येऊन मिळते तिथं थांबायचं, वळून मागं बघायचं आणि परतीच्या नजरेनं ती जागा लक्षात ठेवायची. शक्य असेल तर फोटो काढा, मागच्या बाजूचा. चढताना माणसं समोरच्या शिखराचे फोटो काढतात. परतीला कामाला येणारा फोटो पाठीमागचा असतो. दगडांच्या ढिगाऱ्या मात्र रचू नका. तुमची खूण पुढच्या माणसाला चकवते आणि रानात शिरल्यासारखं वाटण्याचा त्याचा आनंद घालवते.

ढोरवाटा सगळीकडे असतात आणि त्या फार हुशारीनं काढलेल्या असतात. उतार आडवा कापायचा असेल तर जनावरांनी निवडलेली उंची सहसा बरोबर निघते. पण जनावर चाऱ्याकडे, पाण्याकडे किंवा खारट मातीकडे चाललेलं असतं, तुमच्या तंबूकडे नाही. चरायची जागा आली की वाट दहा ठिकाणी फुटते आणि नाहीशी होते. तोवर तिचा फायदा घ्यावा आणि फुटली की पुन्हा नकाशा काढावा.

जीपीएसबद्दल फार लिहीत नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, विमान मोडवर ठेवा, थंडीत बॅटरी लवकर बसते म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. कागदी नकाशा आणि होकायंत्र बरोबर हवंच. जीपीएस तुम्ही कुठं आहात ते सांगतो. पुढच्या वीस पावलांवर कडा आहे की नाही ते त्याला ठाऊक नसतं. दाट धुक्यात तर सगळ्यात चांगलं साधन म्हणजे बसून राहणं. बरेचदा धुकं तासा-दोन तासांत क्षणभर तरी फाटतं आणि तेवढ्यात दिशा मिळते.

आता अंतर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक ठोकताळा दिला, तो अजून चालतो: सपाटीवर दर 5 किलोमीटरला एक तास, आणि त्यात चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. सहा किलोमीटर अंतर नि 700 मीटर चढ म्हणजे या हिशोबानं दोन तास वीस-पंचवीस मिनिटं. हा हिशोब चालत्या वाटेचा आणि तगड्या माणसाचा, विश्रांती न धरता. वाट नसेल तर मी तो सरसकट दुप्पट धरतो. पहिल्या दिवशी घरचा अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी-शेजारी लिहा. तुमचं आणि त्या जमिनीचं गुणोत्तर तिथंच मिळेल, आणि पुढचे दिवस त्याच गुणोत्तरानं आखा. किलोमीटर विसरून जा. दिवस तासांत मोजा आणि परत फिरायची वेळ सकाळी तंबूपाशीच दोघांनी ठरवा. साडेबारा म्हणजे साडेबारा, माथा दहा मिनिटांवर असला तरी. ही वेळ ठरवताना उतरायला चढाएवढाच वेळ धरा. घसारा आणि ओलं गवत उतरताना जास्त वेळ खातं, पाय थकलेले असतात, आणि पडायचे प्रसंग चढापेक्षा उताराला जास्त येतात.

ओढे ओलांडणं हा विषय लोक गंमत म्हणून घेतात. बर्फाच्या किंवा हिमनदीच्या पाण्यावर वाढणारा ओढा पहाटे सगळ्यात उतरलेला असतो आणि दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत फुगत जातो. सकाळी दगडांवरून उड्या मारत ओलांडलेलं पाणी पाच वाजता मांडीपर्यंत येऊ शकतं. तंबू एका काठाला आणि दिवसाची फेरी दुसऱ्या काठाला असेल तर हे आधी डोक्यात हवं. यासाठीच पहिल्या संध्याकाळी पाण्याच्या कडेला एका दगडावर पातळी बघून ठेवायची आणि पहाटे पुन्हा बघायची. त्या ओढ्याचं वेळापत्रक एका दिवसात हाती येतं. ओलांडायची जागा अरुंद नको, रुंद हवी, जिथं पाणी पसरून दोन-चार धारांत वाहतं. खालच्या बाजूला धबधबा, घळ किंवा अडकलेली लाकडं नकोत. बूट घालूनच पाण्यात उतरा, कंबरेचा पट्टा सोडा म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल, तोंड प्रवाहाकडे, काठीचा तिसरा पाय, आणि एका वेळी एकच आधार हलवायचा. पाणी वेगात असेल तर गुडघ्याच्या वर गेल्यावर मी मागं फिरतो. पाण्याखालून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर खोली बघायचीसुद्धा गरज नाही. अडकलात तर रात्र या काठाला काढा. पहाटे ओढा स्वतःच वाट देतो. दिवसाच्या छोट्या सॅकमध्येही गरम कपडा आणि टॉर्च हवी, ती अशा रात्रीसाठी.

हवेचं बघायचं तर उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वारा ते आणखी बोचरं करतो. पण माझी खरी भीती विजेची. गरम दिवसांत डोंगरावर ढग दुपारी उभे वाढतात, त्यामुळं धारेवरचं काम दुपारच्या आत उरकावं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धार सोडून खाली यायला उशीरच झालाय. एकट्या झाडाखाली किंवा कपारीच्या तोंडाशी थांबू नका, दोघांत अंतर ठेवा.

तीन हजार मीटरच्या वरचं खोरं असेल तर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. एकाच तळावरून फिरण्याचा इथंही फायदा होतो: दिवसा वर जाता, रात्री खाली झोपता. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही. मित्राला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर उजाडायची वाट न बघता खाली उतरायचं.

नियमांचा भाग मुद्दाम इतका मागं ठेवला, पण परवानगी सगळ्यात आधी काढायची असते. ‘संरक्षित’ या एका शब्दाखाली देशोदेशी अगदी उलटे नियम आहेत. 1914 मध्ये स्थापन झालेल्या स्विस राष्ट्रीय उद्यानात आखलेली वाट सोडायलाच बंदी आहे आणि उघड्यावर तंबू टाकता येत नाही. अलास्कातल्या डेनालीच्या रानात वाटा जवळजवळ नाहीतच. क्षेत्राचे भाग पाडलेत, प्रत्येक भागात एका वेळी ठरावीक माणसं सोडतात आणि अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवणं सक्तीचं आहे. उत्तराखंडात फुलांच्या घाटीत दिवसा जाऊन घांघरियाला परतावं लागतं, आत मुक्काम चालत नाही. म्हणजे मी वर सांगितलेला एका तळाचा बेत काही ठिकाणी हद्दीबाहेर तळ ठेवूनच करावा लागेल, आणि काही ठिकाणी वाटाड्याशिवाय सोडणारच नाहीत. भारतात आणखी एक लक्षात ठेवा: परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. बाहेरच्या देशात संकटकाळी हीच यंत्रं जीव वाचवतात, पण इथं त्यांच्या भरवशावर बेत आखू नका.

परवाना घ्यायला गेलात की कागद घेऊन लगेच निघू नका. वनरक्षकांशी बोला. यंदा कुठला पूल वाहून गेला, अस्वल कुठल्या बाजूला वावरतंय, कुरणात मेंढपाळ पोहोचलेत का, हे कुठल्याच नकाशावर नसतं. मेंढपाळांची राखणीची कुत्री हा माझ्या लेखी अस्वलापेक्षा जास्त वेळा येणारा प्रश्न आहे. कळप दिसला की लांबूनच आवाज द्या, मेंढपाळ दिसेपर्यंत थांबा आणि कळपाला वळसा घाला. अस्वलाच्या मुलखात झुडपांतून चालताना बोलत राहा, वारा तोंडावर असेल तर जास्तच, कारण तुमचा वास त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. खाण्याच्या वस्तू तंबूत नकोत. शंभर मीटर लांब, आणि शिजवायची जागाही तंबूपासून दूर.

मळलेली वाट नसते तिथं आपल्या पावलांचा हिशोब बदलतो. वाट असेल तर एकामागं एक, तिच्या मधोमध, चिखल असला तरी. वाट नसेल तर शेजारी-शेजारी पसरून चाला, एकाच्या पावलावर दुसऱ्यानं पाऊल टाकू नका. डेनालीत येणाऱ्यांना हेच सांगतात. उंचावरच्या उशीसारख्या गोल झुडपांना हातभर व्हायला कित्येक दशकं लागतात आणि दगडावरचे काही दगडफूल वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. म्हणून शक्य तिथं कातळ, वाळू, कोरडं गवत आणि बर्फ यांवरून जावं. एकाच तळाला पाच दिवस राहण्याचा हा खरा तोटा आहे, तो लपवत नाही: तंबूखालचं गवत पिवळं पडतं आणि तंबू ते पाणी अशी वाट दोन दिवसांत उमटते. तंबू रेती किंवा उघड्या मातीवर टाका, पाण्यावर जाताना रोज वेगळ्या अंगानं जा, आणि गवतावरच टाकावा लागला तर दोन रात्रींनी जागा हलवा. शौचाला पाण्यापासून निदान 60 मीटर दूर, 15 ते 20 सेंटीमीटर खड्डा, आणि कागद परत न्यायचा. झाडांच्या हद्दीच्या वर मातीच नसते आणि कुजणं फार सावकाश होतं, तिथं सगळंच पिशवीत घालून परत आणणं बरं. शेकोटी नाही. परवानगी असली तरी नाही, स्टोव्ह न्या.

पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी वर कुठंतरी जनावर चरत असतं. उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्या बहुतेक जंतूंना पुरतात, क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या परजीवीला पुरत नाहीत.

निघायच्या आधी एका भरवशाच्या माणसाकडे कागद ठेवा: खोऱ्याचं नाव, तळाची जागा, रोजच्या फेऱ्यांच्या दिशा, परतायची तारीख, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. यातही एका खोऱ्याच्या बेताचा फायदा दिसतो. पार करणाऱ्या माणसाला शोधायचं तर पाच दिवसांचा पट्टा धुंडाळावा लागतो. तुम्हाला शोधायला एकाच तोंडातून आत शिरायचंय. शिट्टी सॅकच्या पट्ट्याला बांधा. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. ही आल्प्समधली रीत आहे. उत्तर अमेरिकेत तीनच्या खुणेला संकट समजतात.

राहिलं एकट्यानं जायचं. वाट नसलेल्या रानात पहिल्या खेपेला नको. दोघांत पाय मुरगळला तर एक तंबूत बसतो नि दुसरा मदत आणतो. एकट्याला तीच जखम ओढा ओलांडण्यापासून पाणी भरण्यापर्यंत सगळीकडे आडवी येते. मित्र गळाला तर बेत रद्द करायचीही गरज नाही. त्या भागातला एखादा वाटाड्या घ्या, पण त्याला पुढं चालू देऊ नका. सकाळी त्याला दिशा सांगा, तुम्ही पुढं राहा, वाट तुम्ही काढा आणि त्याला मागून येऊ द्या. जिथं तो थांबेल किंवा नुसता हसेल, तिथं नकाशा उघडा आणि त्याला विचारायच्या आधी आपलं काय चुकतंय ते शोधायचा प्रयत्न करा.